ओल्या रुमालाची युक्ती

नळांना क्रोमचा मुलामा देण्यात उस्तादांचा हात कोणी धरू शकत नसे. नाकाने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले होते. कायम वाहायचं, खपल्या धरायच्या, मधूनच रक्त. वास तर कधीच गेला होता. घरात दूध करपलं तरी बायकोनेच ओरडायचं. कारखान्यात सगळ्यांचीच नाकं अशी, त्यामुळे याला आजार म्हणतात हे कोणाच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. शेवटी बायकोने हट्ट धरला, तेव्हा कुठे ते दवाखान्याची पायरी चढले. सोबत धाकटा भाऊ होता. तो त्यांच्याच मुलाम्याच्या टाकीवर काम करायचा, आणि हल्ली त्याचंही नाक वाहू लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "रक्तात क्रोमियम आणि निकेल, दोन्ही वाढलंय. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय. टाकीची वाफ थेट नाकात जाते का?"

"छे हो! मी काय नवखा आहे? नाकावर ओला रुमाल बांधतो. माझीच युक्ती. आता सगळा कारखाना तसंच करतो."

"भिजवता कुठल्या पाण्यात?"

"शेजारच्याच हौदात. टाकीतून काढलेले नळ विसळतो ना, त्यात. पाणी छान गार असतं."

"म्हणजे क्रोम विसळलेल्याच पाण्यात?" बाईंनी विचारलं. आपण काय बोललो ते उस्तादांना तेव्हा ऐकू आलं. हौदात हात गेला तर साबणाने धुवा, असं नव्या माणसाला तेच दरडावून सांगत. रुमालाचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

"भोक बुजेल ना?"

"आपोआप नाही. ऑपरेशन करता येईल, पण पुन्हा त्याच टाकीवर गेलात तर टिकणार नाही. काम सोडावं लागेल."

"सोडून खाऊ काय?"

बाईंनी तूर्त नाकात लावायचं मलम लिहून दिलं.

मग धाकटा खुर्चीत बसला. त्याला रुमाल बांधायला कोणी शिकवलं, हे वेगळं सांगायला नकोच. बाईंनी त्याच्या एका नाकपुडीत टॉर्च धरला, आणि उजेड सरळ दुसरीतून बाहेर आला. उस्तादांनी टेबलाची कड घट्ट धरली. स्वतःच्या भोकाचं ऐकताना ते इतके घाबरले नव्हते.

धाकट्याने मान सरळ केली आणि हसला.

"तुझंच दुखणं ना, दादा? मग बरं झालं. तुझ्या औषधातलं थोडं मला दे."