खाराचं पाणी

जानू तांबे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस. मांडवीत दोन खोल्यांचं घर, मागे एक माड. बायको दमयंती गेल्या मे महिन्यात गेली. आता तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन आलं होतं. जेवणाचं सगळं त्याने मुलीवर आणि मेव्हणीवर सोडलं होतं. एकच गोष्ट त्याने स्वतः ठरवली होती. पंगतीत प्रत्येकाच्या ताटात दमयंतीच्या हातचा खारातला आंबा पडायला हवा. बुद्धविहारात, मासळीबाजारात, जो भेटेल त्याला तो हे सांगत सुटला होता.

दमयंती दर उन्हाळ्यात रायवळ कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून मोठी बरणी भरायची. पावसात मासळी महाग झाली की त्या आंब्याच्या चटणीवर घर जेवायचं, आणि शेजारणीही वाटी घेऊन यायच्या. तिची बरणी कधी बिघडली नाही, असं आळीतल्या बायका म्हणत. म्हणताना त्यांना थोडा हेवाही वाटत असे.

शेवटची बरणी भरली आणि ती आजारी पडली. हॉस्पिटलात जानू भेटायला गेला की तिचं विचारणं ठरलेलं. "आंब्यांवर पाणी आहे ना? बघत जा हां. आंबा उघडा पडता नये." तो घरी येऊन झाकण काढून बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिला आहे म्हणून सांगायचा. ती गेली तरी त्याचं बघणं थांबलं नाही. आंबे तो जपून खात होता, पेजेबरोबर कधीतरी एखादा. आंब्याबरोबर थोडं पाणीही जायचं आणि वरचे आंबे उघडे पडायचे. मग जानू पाणी घालायचा. नळाचं नको, म्हणून फिल्टरचं घालायचा. झाकण लावलं की त्याला बरं वाटायचं. तिने सांगितलेलं काम आपण नीट करतोय असं वाटायचं.

होळीच्या सुमारास पाण्यावर पांढरी साय धरली. त्याने ती चमच्याने काढून टाकली. पुढे काळसर केसाळ बुरशी दिसली, तीही काढली, आणि मग सगळे आंबे डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवले. फ्रीजमध्ये दूध टिकतं, मासळी टिकते, मग मिठातला आंबा टिकायला काय हरकत आहे, असा त्याचा हिशेब. त्यानंतर त्याने डबे उघडले नाहीत. पंगतीला पुरायला हवेत, म्हणून स्वतः खायचंही बंद केलं.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी सकाळी दमयंतीची धाकटी बहीण सखू राजापूरहून एसटीने आली. पिशवीत ओले काजूगर होते, ते ठेवायला तिने फ्रीज उघडला.

"काय ओ भावोजी, फ्रीज आहे की गोडाऊन?"

जानूने सांगितलं, ते दमयंतीचे आंबे आहेत, त्यांना हलवू नको, त्यांची उद्या चटणी करायची आहे. सखूने एक डबा बाहेर काढला, झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. मग दुसरा उघडला. एक आंबा चमच्याने दाबून पाहिला. चमचा सरळ कोयीला लागला. ती तिसऱ्या डब्याकडे वळली. तेवढ्यात जानूची मुलगी आम्रपाली तांदूळ निवडता निवडता उठून आली, आणि वासाने तिलाही कळलं.

सखूने सांगून टाकलं की हे टाकावं लागेल. जानूने ऐकून घेतलं आणि डबे परत फ्रीजमध्ये ठेवायला लागला. वरची बुरशी काढू, गरम पाण्याने धुऊ, खालचे चांगले असतील, चटणीत मिरची जास्त घालू, असं तो एकेक सांगत होता. सखू म्हणाली की बुरशी वर दिसते तेवढीच नसते, ती आत उतरते. आणि मऊ पडलेला आंबा धुऊन कडक होत नाही.

"अगं पण फ्रीजमध्ये होते ते."

"फ्रीज काय औषध देतो काय, भावोजी? बिघडलेलं आत घातलं की ते सावकाश बिघडतं, एवढंच."

जानूने एक आंबा उचलला. मी खाऊन दाखवतो, म्हणाला. आम्रपालीने त्याचा हात धरला. ती त्याला कधी अडवत नसे, म्हणून तो थांबला.

"बाबा, उद्या पंगतीत सानवी बसणार आहे," ती म्हणाली. सानवी तिची मुलगी, नुकती बालवाडीत जायला लागलेली.

जानूने आंबा डब्यात ठेवला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. तो दारातल्या खुर्चीवर बसला. मग त्याने मनातलं सांगितलं. आंबे गेल्याचं त्याला एवढं वाईट वाटत नव्हतं. सगळ्यांना सांगून बसलो आहे, आता लोक म्हणणार की दमयंतीची बरणी बिघडली. जन्मात कधी बिघडली नाही ती शेवटची बिघडली. तिच्या पाठीमागे तिच्या नावाला हे लागायला नको.

सखू त्याच्यासमोर खाली बसली. ताईच्या हातचं असं होईल हे तिलाही पटत नव्हतं. तिने विचारलं, मधे काही घातलंत का तुम्ही?

"पाणी घातलं. ती म्हणाली होती, वर पाणी हवं."

"मीठ किती घातलंत त्यात?"

"मीठ कशाला? ते आधीच होतं ना. साधंच घातलं. फिल्टरचं."

सखू हसणार होती, पण त्याचं तोंड बघून तिने हसू गिळलं. मग तिने हळू आवाजात समजावलं. ताई पाणी म्हणायची ते खाराचं पाणी. मीठ घालून उकळायचं, पूर्ण गार करायचं, मग ओतायचं, आणि आंबे खाली राहावेत म्हणून वर ताटली ठेवून धुतलेला दगड ठेवायचा. साधं पाणी घातलं की मीठ पातळ होतं आणि मग त्याचा धाक राहत नाही. ताईला वाटलं असेल, एवढं तर माहीत असेल यांना. चाळीस वर्षं बघताय.

"बघत होतो कुठे," जानू म्हणाला. "खात होतो."

त्यावर सखू खरंच हसली, आणि तोही थोडा हसला. पण हसता हसता त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक वेळी तांब्या घेऊन आपणच ती बरणी बिघडवत होतो, आणि झाकण लावून समाधानाने झोपत होतो. तो उठला. कुदळ घेऊन मागच्या दारी गेला आणि माडाच्या बुडाशी खड्डा खणू लागला. माडाला मीठ चालतं. आम्रपाली डबे घेऊन आली तेव्हा त्याने तिला ते ओतू दिले नाहीत. त्याने स्वतः ओतले, माती लोटली आणि पायाने दाबली.

दुसऱ्या दिवशी विहारातून सगळे घरी आले. वंदना झाली, बौद्धाचार्य दोन शब्द बोलले, पंगत बसली. सखूने कैरीचा तक्कू केला होता, तो वाढला गेला. जानू वरणाची बादली घेऊन फिरत होता. आळीतली सगळ्यांत म्हातारी येसूबाई बोटाने तक्कू चाळवत म्हणाली, "हे सखूचं. दमयंतीचं कुठाय? तू तर गावभर दवंडी पिटलीस."

पंगतीतले सगळे जानूकडे बघू लागले. बिघडले म्हणून सांगायचं आणि पुढे जायचं, एवढं सोपं होतं. जानूने बादली खाली ठेवली.

"तिने घातलेले बरोबरच होते," तो म्हणाला. "मी वरून साधं पाणी ओतलं, वर्षभर. बिनमिठाचं. मी घालवले ते."

येसूबाईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, पुरुषाच्या हाती बरणी दिल्यावर आणखी काय व्हायचं. बायका हसल्या. रायवळ कैऱ्या अजून झाडाला आहेत, ह्या वर्षी स्वतः घाल, असं कुणीतरी त्याला सांगितलं. घालतो, तो म्हणाला, पण मीठ किती ते सांगा. झालं, पंगतीत वाद सुरू झाला. एक म्हणाली, पाण्यात अंडं तरंगलं की मीठ बरोबर. दुसरी म्हणाली, अंडं कशाला, जिभेला झोंबलं पाहिजे. सखू म्हणाली, ताई मोजत नव्हती, मुठीने घालायची, बरणीला चार मुठी.

"मग ह्याने चार नको हां घालायला," येसूबाई म्हणाली. "ह्याची मूठ बघा केवढी. दमयंतीची लहान होती."

किती लहान, असं कुणीतरी विचारलं. बायका आठवू लागल्या. जानूने उजव्या हाताची मूठ वळून पाहिली. मग ती सोडली आणि बोटं अर्धवट मिटली, आत दुसरी एक लहान मूठ मावेल एवढी जागा ठेवून.

"एवढी," तो म्हणाला.