सागनाल्याची सोपी वाट

मारोती गजभिये सिलतऱ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीपाशी राबला आणि निवृत्त झाला तेव्हा छातीतली धाप घेऊनच घरी आला. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि सांगितलं, स्वच्छ हवेत हळूहळू चालत जा. त्याच महिन्यात त्याची बायको सत्यभामा पंडरीच्या बाजारात चादरी घ्यायला गेली असताना दुकानाच्या काचेवर तिला एक कागद दिसला. ‘आसान राहें. हर इतवार, शहर के पास, नदी किनारे, जंगल में. दादा-दादी भी चल सकें.’ खाली कुणा शिशिर भैयाचा नंबर. तो नंबर तिनेच उतरवून आणला होता. याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

शिशिरचं शंकर नगरात ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. पन्नाशीचा गोड बोलणारा माणूस, डोक्यावर कायम हिरवी टोपी. दर रविवारी वीस-पंचवीस लोकांना तो कधी खारुन नदीच्या काठाने, कधी तळ्याच्या पाळीवरून, कधी शहरापासून तासाभरावरच्या जंगलातून चालवून आणायचा. “जो सबसे पीछे, मैं उसके साथ,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. मारोतीला तर जणू दुसरा जन्म मिळाला. घरी येऊन पक्ष्यांची नावं चुकीची सांगायचा, आणि सत्यभामा हसली की म्हणायचा, “तू चाल ना एखाद्या दिवशी. मंग समजन तुले.” ती रेल्वेच्या दवाखान्यात कारकून होती. रविवार घरकामातच जायचा. ती कधी गेली नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सागनाल्याच्या जंगलवाटेवर मारोती मेला.

शिशिरने पोलिसांना सांगितलं, घरी येऊन रडत सांगितलं, गटाच्या ग्रुपवर लिहिलं: काका न सांगताच मागे फिरले. शोधलं तेव्हा मोहाच्या झाडाखाली सापडले, झोळा शेजारीच होता. लोक हळहळले. वय झालं होतं, फुप्फुसं कामातून गेली होती. फाइल बंद झाली.

सव्वा महिन्याने सत्यभामा एकटीच बसने तिथे गेली. नवरा जिथे पडला ती जागा पाहायची, एवढंच मनात होतं. जवळच्या पाऱ्यातली, त्या छोट्या वस्तीतली कांताबाई तिला झाडापर्यंत घेऊन गेली. मारोती गेला त्या दिवशी ती पलीकडे मोहफुलं वेचत होती. सत्यभामाने सहज विचारलं, शेवटी त्यांनी पाणी तरी पिलं का?

“कहाँ ले पीतिस दीदी? झोला नइ रिहिस,” कांताबाई तिच्या बोलीत म्हणाली. “टोपीवाला ले गे रिहिस. बाद में लाइस, बाजू में मढ़ा दिस.”

सत्यभामाने तिला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं: झोळा त्याच्याजवळ नव्हताच. मारोतीला दम लागला होता. टोपीवाल्याने त्याचा भार हलका करायचा म्हणून झोळा स्वतःच्या खांद्यावर घेतला, झाडाखाली बसायला सांगितलं, दहा मिनिटांत येतो म्हणाला आणि पुढे निघून गेला. पुढच्या बंधाऱ्यावर पेपरवाले फोटो काढायला थांबले होते. तो परत आला दोन तासांनी. तोवर कांताबाई वेचत दूर गेली होती; लांबून तिने हाका ऐकल्या होत्या, पण तिला वाटलं, माणसं आपल्या माणसांना बोलावताहेत. मारोती मेल्यावर तिने टोपीवाल्याला झोळा ठेवताना पाहिलं, आणि पोलिसांची गाडी पाहून ती घरात जाऊन बसली.

पाणी झोळ्यात होतं. पंपही झोळ्यातच होता, कारण गटाने वाटलेल्या टी-शर्टला खिसा नव्हता.

सत्यभामा ठाण्यात गेली. साहेब म्हणाले, मोहफुलं वेचणाऱ्या बाईच्या तोंडच्या गोष्टीवर काय होणार? ती घरी आली, चहा केला, पिऊन टाकला आणि दुसऱ्या दिवशी शिशिरला फोन लावला. “भैया, मले बी चालायचं आहे. त्यांच्या आठवणीत.”

“आइए ना दीदी! स्वागत है.”

पहिल्या रविवारी दोन किलोमीटरवर तिचे गुडघे सुजले. दिवाळीपर्यंत ती पाच किलोमीटर चालू लागली, आणि संक्रांतीपर्यंत गटातली पोट्टीसोट्टी तिच्या मागे राहू लागली. दर दुसऱ्या शनिवारी ती एकटीच बसने सागनाल्याला जायची. नाला कुठे वळतो, कुठल्या टेकाडावरून मोहाचं झाड दिसतं आणि झाडाखालून टेकाड दिसत नाही, हे सगळं तिने पायांनी पाठ केलं. शिशिरला यातलं काही येत नव्हतं. तो फोनच्या नकाशावर चालायचा. हे तिने पहिल्याच महिन्यात हेरलं आणि मनात जपून ठेवलं.

शिशिरला ती फार आवडू लागली. नव्या लोकांना सांगायचा, “ये हमारी सत्यभामा दीदी. इनके पति यहीं चलते-चलते गए, फिर भी चलती हैं.” ती मान खाली घालायची. लोकांना ते दुःख वाटायचं.

मार्चमध्ये त्याने आपल्या वाटांची पुस्तिका काढायचं ठरवलं. एकविसावी वाट सागनाल्याची, आणि तिच्या पानावर ‘मारोती काकांच्या स्मृतीस’. हे तो तिला डोळ्यांत पाणी आणून वाचून दाखवत होता. सत्यभामाने हातातला स्टीलचा ग्लास खाली ठेवला. ती म्हणाली, “भैया, त्या झाडाखाली बसलेला तुमचा फोटो पायजे त्या पानावर. आपण दोघंच जाऊन काढू.”

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला दोघं मोहाखाली पोचले. ऊन आतापासूनच चटके देत होतं.

“थैली द्या माह्याजवळ. फोटोत बरी नाही दिसत,” ती म्हणाली. “फोन बी द्या. तुमच्या फोनचा फोटो चांगला येते.”

त्याने दोन्ही दिलं. टोपी सारखी केली आणि बुंध्याला टेकून बसला.

“कांताबाईले मोहाची टोपली घेऊन बोलावतो. मागे दिसली तर शोभा येईन. बसा इथंच, दहा मिनिटांत येतो.”

“जल्दी आना दीदी.”

ती गेली आणि टेकाडावर जाऊन बसली.

अर्ध्या तासाने शिशिर उठला. हाका मारल्या. मग तो चुकीच्या बाजूला चालत गेला, कोरड्या नाल्यात उतरला, बऱ्याच वेळाने दुसरीकडून वर आला आणि पुन्हा झाडाशी पोचला, कारण त्या रानात तेवढीच एक खूण त्याला ओळखू येत होती. पुन्हा गेला, पुन्हा आला. दुसऱ्या खेपेला लंगडत होता. टोपी कुठेतरी पडली होती. “दीदी! सत्यभामा दीदी!” हाक स्वच्छ ऐकू येत होती. सत्यभामाने आपल्या बाटलीतलं पाणी घोटाघोटाने प्यायलं. मारोतीची हाकही इथवर अशीच आली असेल, हे तिला उमगलं आणि तिने बाटलीचं झाकण लावलं.

बारा वाजले तशी हाका ऐकून कांताबाई चढून तिच्याजवळ आली. खाली शिशिर मातीवर आडवा पडला होता.

“पानी दे दे दीदी. मर जाही.”

“मरू दे,” सत्यभामा म्हणाली.

तिला स्वतःच्याच आवाजाचं आश्चर्य वाटलं नाही. तिने मनाशी तपासून पाहिलं, कुठे दया शिल्लक आहे का. नव्हती. अजून अर्धा तास ती तशीच बसून राहिली असती, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली: मेलेला माणूस कबूल करत नाही. तेव्हा ती उठली.

तिला पाहून शिशिरने हात पुढे केला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. ती चार पावलांवर थांबली, त्याची थैली जमिनीवर ठेवली आणि आपल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

“त्या दिवशी झोळा कोणाजवळ होता?”

“काका खुद ही लौट...”

तिने थैली उचलली आणि पाठ फिरवली.

“मेरे पास था!” तो ओरडला. “मेरे पास था, दीदी. मैं भूल गया था. फोटो हो रहे थे... मुझे याद ही नहीं रहा कि वो बैठे हैं.”

“आन् मंग झोळा तिथं कोणं ठेवला?”

“मैंने. बाद में. डर गया था मैं.”

“नाव घेऊन सांगा. कोणाचा झोळा, काय होतं त्याच्यात.”

त्याने सांगितलं. मारोतीचं नाव घेतलं, पाण्याचं घेतलं, पंपाचंही. तेव्हा तिने त्याच्या थैलीतली बाटली त्याच्याकडे सरकवली, आणि तो दोन्ही हातांनी ती धरून गटागटा पिऊ लागला तेव्हा त्याच्याकडे पाहत उभी राहिली. तिला पुढचं काहीच विचारायचं नव्हतं. कांताबाईने त्याला उठवून रस्त्यापर्यंत आणलं. सत्यभामा पुढे चालत होती. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

बसमध्ये बसल्या बसल्या तिने ते रेकॉर्डिंग गटाच्या दोनशे बारा लोकांना पाठवलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. गट मोडला, पुस्तिका छापलीच गेली नाही, ऑफिसचं शटर खाली आलं. कांताबाईने या वेळी ठाण्यात जाऊन बयाण दिलं. शिशिरनेही तक्रार केली की या बाईने मला मरायलाच सोडलं होतं. साहेबांनी विचारलं, खरं आहे का? सत्यभामा म्हणाली, “हव. सोडलं होतं.” आता दोघांवर केस आहे, तारखा पडतात. कोर्टाच्या व्हरांड्यात शिशिर तिला पाहून भिंतीकडे तोंड करतो. ती मुद्दाम त्याच्या समोरच्या बाकावर बसते.

तिची मुलगी दीपमाला पहिल्या तारखेला सोबत आली होती. बाहेर पडताना तिने आईचा हात धरला. “मम्मी, आपको भी सज़ा हो सकती है. इतना सब करके क्या मिला? शांति मिली?”

“शांती कोणं मागतली?” सत्यभामा म्हणाली. “मले तो तिथं ओरडून राहिलेला पायजे होता, आन् कोणी येऊ नये, असं पायजे होतं. तेवढं मिळालं.”

सत्यभामाने पायातल्या चपला सारख्या केल्या आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे निघाली.