देवघरातलं इंद्रजाल

"ओटीला टेकवू नकोस ते मडकं! खाली ठेव, अंगणात. आणि लांब उभी राहा."

मार्तंड मास्तरांनी झोपाळ्यावरूनच हात झटकला. नीराबाईने मडकं खाली ठेवलं, पण लांब काही ती गेली नाही. बंदरावरून मडकं डोक्यावर घेऊन ती कोसभर वाट तुडवत आली होती आणि आता या माणसाच्या सांगण्यावरून ती तसूभरही हलणार नव्हती. तिच्या मागे तिची नलू, सातवीतली पोर, पायाच्या अंगठ्याने अंगणातलं सारवण उकरत उभी होती.

सन चौतीसचा फाल्गुन होता. रेवसच्या अलीकडच्या त्या गावातून सातवीच्या फायनल परीक्षेला बसणारी नलू ही पहिलीच कोळ्याची मुलगी. फायनल झाली की मास्तरीण, आणि मास्तरीण झाली की डोक्यावरची मासळीची पाटी जन्माची उतरली. पण फॉर्मवर हेडमास्तरची सही लागते, आणि हेडमास्तर होते मार्तंड.

सराव परीक्षेत त्यांनी प्रश्न घातला होता: सजीवांच्या दोन कोटी कोणत्या, उदाहरणे द्या. नलूने वनस्पतिकोटीत माड, पोफळ, तिवर लिहिलं. प्राणिकोटीत बैल, पापलेट, कालव लिहिलं आणि खाली लिहिलं, इंद्रजाल. मास्तरांनी त्यावर लाल रेघ ओढली, वर्गापुढे पोरीची टर उडवली आणि फॉर्म घरच्या खणात टाकला. चूक कबूल कर, मग सही. नलू म्हणाली, चूक नाही. झालं! फॉर्म उद्याच्या टपालाने अलिबागला जायचे होते.

इंद्रजाल समुद्रात खडकावर वाढतं, पंख्यासारखं पसरलेलं, जाळीदार. वाळलं की काळ्या काटक्या दिसतात, आणि दृष्ट लागू नये म्हणून लोक ते घरात टांगतात. मास्तरांच्या देवघरातही नऊ वर्षं एक होतं, सागवानी चौकटीत बसवलेलं. ते आणून दिलं होतं नीराबाईच्या नवऱ्याने, हरेश्वरने. पुढच्याच साली तो होडीसकट गेला तो गेलाच.

"बोल, काय तमाशा आणलायस?" मास्तर म्हणाले.

"तमाशा न्हाय, जितं इंद्रजाल हाय. माझ्या दिरानं, काळूरामनं, पहाटे जाळ्यातनं सोडवलं, पान्यातल्या पान्यात. झाड हाय का जनावर, तुमीच बघा."

मास्तर पायरी उतरले आणि वाकले. मडक्यात तांबूस जाळी निपचित पडली होती.

"कुठे आहेत तोंडं? पाय कुठे? शेपूट?"

"हिंदकळून आलंय. गप पडू द्या, उघडंल."

"एका जागी रुजून वाढतं ते झाड. बिगरीतलं पोर सांगेल."

"मग कालव काय खडक सोडून फिराया जातं व्हय? उद्यापास्नं खावा की, झाडच हाय म्हनून!"

आत दाराआड कुणीतरी खुदकन हसलं. मास्तरांची बायको, गोदू. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जीभ आवर, नीराबाई. मासे विकण्याइतकं सोपं नाही हे."

"न्हायच. मासे नासले की वासावरनं कळतं तरी."

ऊन अंगणात आलं. कुणी बसा म्हटलं नाही, कुणी पाणी विचारलं नाही. नलू रडकुंडीला आली होती, आणि नीराबाईच्या मनात सारखं येत होतं, मेल्या, उघड रे, माझ्या पोरीसाठी तरी उघड. मग हळूच काडीकाडीवर पांढरी लव उठली. नीराबाईने कमरेच्या पुडीतला जवळा चुरून पाण्यात सोडला. त्या लवेला बारीक बारीक हात फुटले, हातांनी कण धरले आणि आत ओढले.

गोदू कधी अंगणात आली ते कुणाला कळलं नाही.

"अगंबाई! खातंय हो हे!" ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "अहो, म्हणजे आपल्या देवघरात... मी नऊ वर्षं हळदकुंकू वाहतेय ते मढ्याला?"

"आत जा तू!" मास्तर ओरडले आणि नीराबाईवर उलटले. "तुझ्या नवऱ्याने बाटवलं माझं घर! ठाऊक असून दिलंन!"

आता मात्र नीराबाईचं टाळकं फिरलं.

"मेलेल्या मान्साचं नाव घ्याचं काम न्हाय! तुमचा पोरगा तापानं फनफनला व्हता, म्हनून धावत आनून दिलं त्यानं, फुकट. आमी कोळी, आमाला जनावर काय नि झाड काय, सारखंच. सोवळं तुमचं. तुमी इचारलं न्हाय, त्यो बोलला न्हाय."

मास्तरांनी मडक्याला लाथ मारली. ते फुटलं, पाणी सारवणात जिरलं आणि इंद्रजाल मातीत पडलं. बारीक हात मिटले.

"ही वनस्पती आहे," मास्तर म्हणाले. "माझ्या घरात आहे तोवर वनस्पतीच! नलू, लिही कागदावर. नाही तर फॉर्म चुलीत घालतो."

नलूने आईकडे पाहिलं. नीराबाईला वाटलं, याच मडक्याची खापरी याच्या टाळक्यात घालावी.

"लिव," ती म्हणाली.

"आये!"

"लिव म्हनते ना. मास्तरीन झालीस की तुझ्या पोरींना खरं शिकव."

नलूने लिहिलं. मास्तरांनी सही केली आणि बोटाला बोट लागू नये म्हणून फॉर्म वरून टाकला. नलूने तो मातीतून उचलला आणि झटकला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नीराबाई मासळी घ्यायला बंदरावर गेली. भरतीने टाकलेल्या काटक्याकुटक्यांत तिला काहीतरी काळं दिसलं. इंद्रजाल होतं, देवघरातलं. मास्तरांनी सागवानी चौकट काढून ठेवली होती, हा माणूस चौकट कशाला टाकतोय! पण बुडाशी हरेश्वरने बांधलेली दोरी होती आणि दोरीला त्याची गाठ होती, दुहेरी. ती गाठ नीराबाईने अंधारातही ओळखली असती.

"भाड्या," ती म्हणाली. "कागदावर झाड, नि रातच्याला फेकून दिलंस."

तिने ते उचललं. नऊ वर्षं तेलातुपात मुरलेलं कुंकू एका रात्रीच्या भरतीने थोडंच जातं. बुडाशी ते अजून चिकटून होतं आणि ओलं झालं होतं. नीराबाईची बोटं लाल झाली. आठ वर्षांत तिच्या बोटांना कुंकू लागलं नव्हतं.

बोटं पुसायला तिने पदर धरला, मग सोडला. इंद्रजाल पाटीत मासळीवर ठेवलं आणि तशाच बोटांनी पाटी डोक्यावर घेतली.