कावळ्याची मान

"अक्का, पिल्लू तुमच्याकडे बघत नाही हो, तुमच्या मूक्कुत्तीकडे बघतं," असं कामाक्षी म्हणाली होती, गुडघ्यांवर पालथ्या घातलेल्या प्रणवेशच्या पाठीला तेल चोळता चोळता, मान वर न करता... आणि भुवना हसली होती. मूक्कुत्ती काय शेजारणीची आहे? माझ्याच नाकात आहे ना? नाकातले ते सात खडे. तेव्हा तो सहा महिन्यांचा होता, आता चौदा महिन्यांचा आहे. कामाक्षी तिरुवैयारूच्या बसने यायची, बाळाला न्हाऊमाखू घालून परत जायची. पुढे तिचं येणं थांबलं, पण ते वाक्य राहिलं, घशात अडकलेल्या केसासारखं. गिळताही येत नाही, ओकताही येत नाही.

आज अमावास्या. गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर वरणभाताचा गोळा, वर तूप. उन्हाने तूप पातळ होऊन पानाच्या शिरेवरून ओघळतंय. कडेवर प्रणवेश. त्याच्या गालावरची काजळाची तीट घामाने पसरून जखमेसारखी दिसते.

"आला का ग?" जिन्याच्या मधल्या पायरीवरून सासूबाई. त्या सोवळ्यात आहेत. कावळा खाईपर्यंत त्या जेवायच्या नाहीत आणि जेवण होईपर्यंत नातवाला शिवायच्या नाहीत.

"नाही, अम्मा. टाकीवर बसलाय, उतरत नाही."

"तू टक लावून बघत असशील. मान फिरव की तिकडे! कुणी तोंडाकडे बघत बसलं तर तू तरी जेवशील काय? पूर्वज आहेत ते, भिकारी नव्हेत."

भुवनाने मान फिरवली नाही. टाकीवरचा कावळा आधी एका डोळ्याने तिला बघतो, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने, जणू एका डोळ्याच्या साक्षीवर त्याचा भरवसा नाही. चोचीला कसलासा ओला धागा चिकटलेला, मेलेल्या उंदराचा असेल, आणि तो टाकीच्या कडेवर चोच घासतो, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. तिला शिसारी आली. याच चोचीने तो भात खाणार, आणि मग अम्मा हात जोडणार.

मग तिने ते केलं. करायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं, तरी केलं. टाकीमागच्या कोपऱ्याकडे — जिथे काहीही नव्हतं, तुटकी बादली होती फक्त — तिने एकदम डोळे मोठे करून बघितलं, मान पुढे काढून, श्वास रोखून. कावळा थबकला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग ती बघत होती तिकडे. बसल्या जागेवरून त्याला कोपरा दिसेना, तसा दोन उड्या मारून टाकीच्या कडेला गेला आणि वाकून मागे डोकावला. बादली बघितली. परत वळून तिच्याकडे बघितलं.

आणि कडेवरचा प्रणवेश नळाच्या तोटीवर चमकणाऱ्या उन्हाकडे बघत होता. मघापासून. तिचं अंग ताठ झालेलं, छाती धडधडलेली त्याच्या बरगड्यांना लागली असेल, तरी तो तोटीकडेच बघत होता, शांत, सुखी, सुंदर.

कावळ्याला कळलं! घाण खाणाऱ्या या काळ्या जिवाला कळलं की ही बाई काहीतरी बघते आहे, आणि माझ्या... तिला तो कावळा दगडाने ठेचावासा वाटला.

एम.एस्सी.ला असताना वर्गाची सहल वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात गेली होती. चिंपांझीच्या आवाराशी सरांनी सांगितलं, वर बघा, उगीच बघा. सगळ्यांनी उगीच वर बघितलं आणि खंदकापलीकडच्या चिंपांझीनेही वर बघितलं. आभाळात काही नव्हतं, तसा तो परत आमच्या तोंडांकडे बघू लागला, एकेकाच्या, नीट, काय दिसलं तुम्हाला असं विचारल्यासारखा. आम्ही केवढं हसलो होतो. वहीत लिहून घेतलं होतं: समोरच्याची नजर जिथे जाते तिथे आपली नेणं, मग खात्री करायला परत त्याच्या चेहऱ्याकडे येणं. माणसाचं मूल वर्षाच्या आतबाहेर हे करू लागतं. परीक्षेत सहा मार्कांना आलं होतं. पैकीच्या पैकी मिळाले होते मला.

पैकीच्या पैकी मिळवणारी ती मुलगी आठ महिने काय करत होती? अम्मांचं ऐकत होती. घरी येणाऱ्यांपासून त्याचं तोंड झाकून घेत होती — गोरा आहे, बाळसेदार आहे, कुणाकुणाची दृष्ट लागेल. आणि पुढे तो कुणाकडेच बघेना, तेव्हा अम्मा नातेवाइकांत मिरवत होत्या, "आमचा प्रणू कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही हो, दृष्ट लागेल कशी?" आणि ही पाहुण्यांपुढे काप्पीचे पेले ठेवत हसत होती. सगळं घर हसत होतं. तिचा नवरा सुरेंद्र अजून हसतो. "माझे थोरले काका चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. मग तहसीलदार झाले आणि कुणाला बोलू देईनात."

गेल्या महिन्यात एका सकाळी तिने मूक्कुत्ती काढून ठेवली आणि त्याला मांडीवर घेतलं. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, नाकापाशी क्षणभर शोधत राहिली आणि निघून गेली, दुकान बंद बघून परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. तेव्हापासून तिला थांबता येत नाही. चावी हलव, बोट दाखव, नावाने हाक मार, हाक मारताना मोबाइल चालू ठेव. मोबाइल या असल्या तुकड्यांनी भरलाय, आणि प्रत्येकात तिचा आवाज — गोड, खोटा, गुळाच्या पाकात बुडवलेला — "प्रणू... कन्ना... इकडे बघ..." परवा तो आवाज ऐकून ती मोरीत जाऊन ओकली होती. उद्या अकराला तिरुचीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सुरेंद्रला आज सांगायचं. अम्मांना कधी, ठाऊक नाही.

"भुवना." अम्मा अजून तिथेच होत्या. पायरीवर एक हात टेकून, भुकेने चेहरा उतरलेला. "त्याच्याकडे असं बघू नको ग."

"कसं?"

"मला काय विचारतेस? महिनाभर बघतेय मी. बाजारात वांगं उलटंपालटं करून बघतात तसं बघतेस त्याला. असं बघितलं तर कावळासुद्धा खाली येत नाही."

खोटं आहे हे, तिला माहीत आहे. आईच्या बघण्याने मूल असं होत नाही, पुस्तकांनी केव्हाच निकालात काढलेली गोष्ट. तरी ते वाक्य आत गेलं. त्याहून वाईट म्हणजे अम्मांच्या आवाजात राग नव्हता. म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. कधीपासून?

ती खाली गेली, प्रणवेशला पाळण्यात ठेवलं, त्याच्याकडे न बघता, आणि परत गच्चीवर येऊन पाठमोरी बसली. मागे पानाची सळसळ झाली. चोचीचा टकटक आवाज. अम्मा हलकेच "आला" म्हणाल्या आणि पानं मांडायला गेल्या. तिने वळून बघितलं नाही. डोळे तळहातांनी दाबून धरले — या डोळ्यांचीच किळस येते मला आता, कुठेही गेले की मोजमाप करतात, खाली गेले तर पाळण्यापाशीही तेच करतील, तो कुठे बघतो, किती वेळ बघतो, आणि तो बिचारा भुकेला असेल तेही मला दिसणार नाही.

इथवर वाचलंत, तर तुम्ही खाली जाऊन याल का? अम्मा सोवळ्यात आहेत, त्यांना शिवता येणार नाही. जिना उतरलात की डाव्या हाताची खोली. आवाज येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, तो ओला झाला तरी रडत नाही. दुपट्याखाली हात घालून बघा. ओला असेल तर बदला. थोडा वेळ कडेवर घ्या. तो कुठे बघत होता ते मला सांगू नका.