मंडईतला नारळ

"काऊन उभे राहिले, वकीलसायेब? बसा ना," म्हणत सरपंच चुन्नीलालनं रत्नपालला खांद्याला धरून खुर्चीत दाबलं. शेजारच्या खुर्चीत ठाणेदार बसला होता.

चिचगडकडच्या त्या गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली होती. उसाचे भारे, मुरमुऱ्याचे ढीग, दंडार नाचणाऱ्यांचे ढोल. मंडईला उद्घाटक लागतोच, आणि एकाच उद्घाटकावर भागवलं तर शेजारचं गाव हसतं. म्हणून चुन्नीलालनं दोघे बोलावले. एक जिल्हा परिषदेचा सदस्य, मानवाधिकारवाला वकील. दुसरा, पोरांना व्हॉलीबॉल वाटणारा ठाणेदार. पहिल्यानं दुसऱ्याची चौकशी लावली आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कोर्टातलं कोर्टात, मंडईत कायचं भांडण, असा त्याचा सरळ विचार. असल्या सरळ विचारानंच माणसं मरतात.

याच गावच्या पुष्पाबाईचा भुपेंद्र या ठाणेदाराच्या कोठडीत मेला होता. धडधाकट पोरगा घरून उचलून नेला, परत आलं ते प्रेत. आजारी होता म्हणे. रत्नपाल अर्जामागून अर्ज करत राहिला, तेव्हा कुठं दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली. सोमवारी पुष्पाबाईचा जबाब होता. गावातलं दुसरं कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं. तीही भीत होती. "तुमी बाजूले उभे राहाल तं बोलतो," एवढंच ती म्हणाली होती, आणि रत्नपालनं शब्द दिला होता.

रत्नपाल तिरोड्याच्या शेतमजुराचा पोरगा. वकील झाला तेव्हा ठाण्याच्या दारात उपाशी बसायचा, आतल्या माणसाला बाहेर काढल्याशिवाय उठायचा नाही. मग लोकच म्हणाले, भाऊ, इलेक्शन लढा, आपला आवाज वर जाईल. लढला, जिंकला. आवाज कुठं गेला? बारशाला, तेरवीला, बोअरवेलच्या पूजेला. बदली पाहिजे, चला रत्नपालभाऊकडे. पोरीचं लग्न आहे, भाऊला घेऊन या, फोटोत बरा दिसतो. मार खाऊन आलेला माणूस मात्र बाहेरच्या ओट्यावर ताटकळायचा, कारण आत ठेकेदार चहा पीत असायचा.

चुन्नीलालनं एकच नारळ दोघांच्या हातात दिला. "दोघायच्या हस्ते," तो माइकवर म्हणाला.

रत्नपालला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द. पण समोर अख्खं गाव होतं आणि निवडणूक तोंडावर. खाली त्याचा हात, वर ठाणेदाराचा. नारळ फुटला. टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले, ढोल वाजला.

प्रसादाचं ताट बायकांकडे गेलं. पुष्पाबाईनं खोबऱ्याचा तुकडा उचलला, मंचाकडे पाहिलं आणि तुकडा परत ताटात ठेवला.

गर्दीतून वाट काढत रत्नपाल तिच्यापर्यंत पोचला. सरपंचानं ऐनवेळी हातात दिला, राजकारणात असं करावं लागतं, केस वेगळी, हे वेगळं, असं बरंच बोलला. 

"भुपेंद्र असता तं तुमच्याच प्रचारात फिरला असता, बाबू," ती म्हणाली आणि उसाच्या दुकानांमधून निघून गेली.

येणार नाही, असं धरूनच तो सोमवारी कोर्टात गेला. ती आली होती. रत्नपाल उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

वकील हेच ना, दंडाधिकारी साहेबांनी विचारलं.

"होते. आता नाई पायजे. पोरगा माहा व्हता, मीच सांगतो."

साहेबांनी बोलायची परवानगी दिली. तिनं पदर खोचला आणि पोराच्या तळपायावरच्या वळांपासून सुरुवात केली. 

रत्नपाल काळा कोट घालून तसाच उभा होता. शिपायानं त्याला बसायची खूण केली. बाकं भरली होती. पहिल्या बाकावरचा ठाणेदार थोडा सरकला आणि आपल्या शेजारची जागा रुमालानं झटकून दिली.