परत टाकलेले वचन

कृष्णाकाठी पौषातली पहाट उशिरा उठते. धुके नदीवरून निघते, मळ्यांवरून सरते, आणि उन्हाचा पहिला सुवर्णस्पर्श होईपर्यंत हळदीच्या वाफ्यांवर रेंगाळत राहते. पाने पिवळी, देठ वाकलेले. वर सारे मरणोन्मुख, आणि खाली काळ्या मातीच्या गर्भात कंद भरलेले. कुठला कंद सोन्याचा आणि कुठला कुजका, ते खाली केव्हाच ठरून गेलेले असते. माणूस नुसता खणतो.

अशाच पहाटे, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, रिबका भोरे धुक्यातून देवळाकडे निघाली. कौलारू, चुनाधवल, ख्रिस्ती वस्तीचे ते देऊळ. त्याची घंटा वाजत होती आणि दर टोल्याला रिबकाचे पाऊल जड होत होते.

घरी तिचा नवरा दानीएल अंथरुणाला खिळला होता. पोटात गाठ. शहरातल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: आता कापून काढली तर माणूस हाती लागेल, उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर नाही. पण दानीएल ख्रिस्ती मंडळीतला वडील, म्हणजे देवळाच्या पंचांतला एक, प्रार्थनेशिवाय बियाणेही न पेरणारा. असा माणूस डॉक्टरच्या शब्दावर चाकूखाली जातो होय!

“वर्साचं वचन आण माझं,” तो निघताना म्हणाला होता. “देव जा म्हनला तर जातो. ऱ्हा म्हनला तर ऱ्हातो. माझ्या मनानं कायबी करनार न्हाई.”

“अवो, पर डाक्टर म्हनत्यात…”

“डाक्टरला माझं दिस ठावं हायेत व्हय?”

रीत जुनी आहे. नववर्षाची उपासना संपली की वेताची परडी फिरते. तीत शास्त्रवचनांच्या चिमुकल्या सुरळ्या. डोळे मिटावे, मनात मागावे, एक उचलावी. तीच वर्षभराची शिदोरी. घरी कुणी आजारी असेल तर त्याच्या वाट्याची घरच्याने उचलावी. हात माणसाचा, निवड देवाची, असे मंडळी मानते. उचललेले वचन परत टाकू नये असे मात्र कुणी कधी बजावलेले नाही. तसे कुणी करील, हेच कुणाच्या मनात आलेले नाही.

परडी आली. रिबकाने डोळे मिटले. देवा, त्यांना दवाखान्यात जाऊ दे, एवढेच मागितले, आणि उचलले.

उलगडले. वचन मृत्यूच्या काळोख्या दरीचे होते. पुढे आणखी शब्द होते, पण तिला दिसला तो एकच. मृत्यू. काळ्या शाईतला, काळ्या दरीतला, काळाकुट्ट मृत्यू. हे घेऊन घरी जाऊ? हे त्यांच्या उशाशी ठेवू?

शेजारीण डोळे मिटून होती. देवळाचे धर्मगुरू, पाळक, स्तोत्र सांगत होते. रिबकाच्या बोटांनी सुरळी पुन्हा वळली, परडीत सोडली आणि दुसरी उचलली.

दुसरीत जीवन होते! तू मरणार नाहीस, जगशील, अशा अर्थाचे लखलखीत, निःसंदिग्ध आश्वासन. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ते असे. धुके विरले होते. रिबका घरी पळतच आली.

दानीएलने वचन वाचले, पुन्हा वाचले. कागद कपाळाला लावून तो लहान मुलासारखा रडला.

“जगशील म्हनतोय देव! ऐकलंस? मग आता चाकू कशाला?”

रिबका त्याच्या उशाशी बसली. “तरीबी जाऊन येऊ की वो.”

“देवानं शब्द दिल्यावर? आता ग्येलो तर अविश्वास हाय त्यो.”

बोल ना, बाई! हे दुसरे आहे, पहिले मी परत टाकले, एवढेच बोल! पण किती दिवसांनी तो हसला होता. त्या हसण्यावर निखारा ठेवायला तिचा हात धजेना. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. उद्या त्याने चहा मागितला, परवा तो अंगणात बसला, आणि सांगायचे राहत गेले.

मग ऊन वाढले. हळद खणून झाली, शिजली, वाळली. साऱ्या वस्तीला पिवळा, उग्र, ओला वास आला, आणि दानीएलचे डोळेही हळदीसारखे पिवळे झाले. आता डॉक्टरही नकाराची मान हलवू लागले. दुखणे उठले की तो मुठीत वचन आवळी. शेवटी शेवटी त्याला एकच प्रश्न उरला होता.

“देवाचा शब्द खोटा नसतोय, रिबका. मग माज्या विश्वासात कुटं खोट ऱ्हायली?”

तेव्हाही ती बोलली नाही. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळात आणलेल्या हिरव्या झावळ्या सुकायच्या आत दानीएल गेला, स्वतःला अपराधी मानून गेला.

कबरीवर पाळकांनी त्या काळोख्या दरीचेच स्तोत्र म्हटले, प्रत्येक दफनाला म्हणतात ते. दरी आली, मृत्यू आला, आणि रिबकाने पुढचे शब्द प्रथमच नीट ऐकले. त्या दरीतून माणूस चालत होता. चालत होता, आणि भीत नव्हता, कारण कुणीतरी सोबत होते. दानीएलने हे वाचले असते तर तो उठला असता. काठी घेऊन, दरीत उतरावे तसा, दवाखान्याची पायरी चढला असता.

ती मातीवरच बसली आणि पाळकांना सारे सांगून टाकले. त्यांचा चेहरा उतरला, तरी ते हळूच म्हणाले, “बाई, देवाच्या मर्जीवाचून चिमणीसुद्धा भुईवर पडत नाही. सगळं त्याच्याच हातात.”

“मग परत टाकनारा हात कुनाचा हुता, पाळकसाहेब? माझा म्हना, म्हंजी मी मारलं त्यास्नी. त्याचा म्हना, म्हंजी…”

पाळकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. वस्तीतल्या बायका मात्र परतताना कुजबुजल्या, दैव देते आणि कर्म नेते. वाऱ्याने ते रिबकापर्यंत पोचवले.

पुन्हा पौष आला. पुन्हा धुके, पुन्हा पिवळी पाने, पुन्हा मातीखाली ठरून गेलेले कंद. घंटा वाजली. परडी फिरली आणि रिबकापुढे थांबली.

तिने डोळे मिटले. मागायला काही नव्हते. हात आत गेला. वचने बोटांना लागली, हलकी, कोरडी, सुकल्या पानांसारखी. एक बोटांत आले. ते तिने सोडले. दुसरे आले, तेही सोडले. शेजारीण खाकरली. पाळक स्तोत्र म्हणता म्हणता थांबले. साऱ्या देवळात आता त्या सुरळ्यांचीच सळसळ उरली होती, आणि परडीच्या वेताआड एक हात, ना मिटणारा, ना बाहेर येणारा.