भिंतीवरची मेलेली पाल

पाल हलत नव्हती. आनंदीबाईंनी केरसुणी आपटली, टाळ्या वाजवल्या, तोंडाने शुक शुक केलं. पाल जागची ढिम्म हलेना. कालही ती तिथंच होती, सुनेच्या खाटेच्या वर, डोकं खाली करून. स्टुलावर चढून त्यांनी जवळून पाहिलं, तर डोळे खोल गेलेले आणि कातडी सुकलेली. मेलेली पाल खाली पडते, हे शेंबडं पोरही सांगेल. मग ही भिंतीला धरून कशी राहिली? पाल मेली खरी, पण आनंदीबाईंच्या मनात ती चुकचुकायला लागली.

खाटेवर रेणुका झोपली होती. सातवा महिना. पहिल्या खेपेला पाचव्यातच सगळं संपलं होतं, आणि तेव्हापासून आनंदीबाईंचा डॉक्टरवरही पुरता विश्वास नव्हता आणि देवावरही नव्हता. मुलगा अभय मुंबईला. तो फोनवर एकच विचारायचा, "आये, ती बरी हाय ना?" या खेपेलाही काही झालं तर त्याला काय तोंड दाखवायचं, या भीतीनं त्या रात्री उठून सुनेला बघून यायच्या.

पाल कुणीतरी चिकटवली, करणी केली, एवढं ठरलं. कुणी, ते ठरायलाही वेळ लागला नाही. त्या खोलीत घरच्यांशिवाय एकच बाई येई, ती म्हणजे धाकटी जाऊ हौसा. तिचं बिऱ्हाड त्याच घराच्या दुसऱ्या अंगाला, मध्ये फक्त एक चिऱ्याची भिंत. हौसाला मूल नव्हतं. रोज सकाळी ती उकड्या तांदळाची पेज टोपातून घेऊन येई आणि रेणुका ती शेवटच्या शितापर्यंत संपवी. इतके दिवस आनंदीबाईंना त्यात माया दिसली होती, आता भलतंच दिसू लागलं. पोर नसलेल्या बाईला दुसरीच्या पोटाची एवढी काळजी कशाला? मच्छरदाणी बांधायला स्टुलावर कोण चढलं होतं? हौसाच. चपलेचा अंगठा चिकटवायला बाजारातून ट्यूब कुणी आणली? तीही हौसानंच! संशयाला एकदा पाट मांडून दिला की तो जेवल्याशिवाय उठत नाही. आनंदीबाईंनी तर त्याला पंगतच वाढली.

त्या दिवशी हौसाने पेज ठेवली आणि ती वळताच आनंदीबाईंनी टोप गुरांच्या घमेल्यात उपडा केला. "आंबली होती," असं सुनेला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. या वेळी हौसाने ते दारातून पाहिलं, पण ती काही न बोलता निघून गेली. तिचं न बोलणं हाही आनंदीबाईंना पुरावाच वाटला.

शनिवारी हौसाची भाची योगिनी आली. ती रत्नागिरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. मीठ मागायच्या निमित्ताने आनंदीबाई पलीकडे डोकावल्या, तर पोरीच्या डब्यात कापसावर पालीची अंडी! झालं. त्या तशाच अंगणात, खळ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"हौसा, भायेर ये! माझ्या सुनेच्या डोक्यावर पाल चिकटवलीस गो? उद्या देवळात कौल लावतंय मी. गुरवाला सांगतंय, हिचा नाव घेऊन देवाला विचार."

"वयनी, मी कशाला असं करीन?"

"तुला पोर नाय म्हणून!"

हे कुठल्याही बाईने कुठल्याही बाईला म्हणू नये. त्या घरात आजवर कुणी म्हटलंही नव्हतं. हौसाने पदर तोंडाला लावला. योगिनी मात्र तडक आनंदीबाईंपुढे आली. "मावशी, ती पाल आधी दाखवा बघू मला."

स्टुलावर चढून तिने पाल अलगद खाली ओढली. सुटेना.

"बघितलंस? चिकटवलेलीच हाय!" आनंदीबाईंना जवळजवळ आनंदच झाला.

मग योगिनीने नखाने पालीचं एकेक बोट टोकाकडून वर उचललं, तशी बोटं पटापट सुटली. तिने पाल हातावर उलटी केली आणि खिशातलं भिंग काढून आनंदीबाईंच्या हातात दिलं. बोटांखाली बारीक घड्या होत्या, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या एकीला एक लागून.

"या घड्यांवर आपल्याला दिसतसुद्धा नाहीत इतके बारीक केस असतात. ते भिंतीला इतके जवळ टेकतात की गोंद लागतच नाही. खाली ओढ बसली की पकडतात, टोकाकडून उचललं की सोडतात. जिवंत पाल चालताना बोटं तशीच उचलते. मेलेली कशी उचलणार? म्हणून राहिली लटकून."

तिने पाल खिडकीच्या काचेवर टेकवली आणि जराशी खाली ओढली. पाल तिथंच राहिली.

"आणि ती अंडी?"

"कॉलेजच्या कामाची. आत पिल्लाची बोटं आधी गुळगुळीत असतात, मग घड्या पडतात, मग त्यांवर केस येतात. भिंत कधी बघितलेली नसते त्यानं, पण अंड्यातून बाहेर येतं ते पकड घेऊनच."

रेणुकाने नकळत पोटावर हात ठेवला. आनंदीबाईंनी भिंतीवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेऊन हुंगलं. कसलाही वास नव्हता, कसलाही चिकटपणा नव्हता. तेव्हा कुठे त्यांना शरम वाटली, आणि वाटली ती अशी की मान वर करवेना. वर केली तेव्हा हौसा तिथं नव्हती.

संध्याकाळी त्या पलीकडे गेल्या. "चुकला गो माझा. भीतीनं डोका फिरला होता. उद्या पेज आणशील ना?"

"आणीन," हौसा म्हणाली. तिने डोळे वर केले नाहीत.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. रेणुकाने टोपाकडे हात पुढे केला, पण हौसाने तो दिला नाही. तिने फडताळातली वाटी घेतली, तीत थोडी पेज ओतली, आनंदीबाईंच्या समोर उभं राहून थेंबन् थेंब प्यायली आणि तोंड पुसलं. मग टोप रेणुकाच्या हातात दिला.

आनंदीबाई पुढे झाल्या. "असं नको गो करू, हौसा."

"असू दे, वयनी. तुमच्या जिवाला घोर नको."

दुसऱ्या दिवशी हौसा वाटी घरूनच घेऊन आली.